भुसावळला थांबलेला गिलसाहेब

जळगावहून अजिंठ्याला आपण सगळेच गेलोय. फर्दापूर, लेणी, सेल्फी, परत. घाट चढून वर अजिंठा गावात मात्र फार कुणी जात नाही. तिथे जुनी तटबंदी आहे, वेशी आहेत आणि एक बारादरी. त्या बारादरीत रॉबर्ट गिल राहायचा, मद्रास फौजेतला अधिकारी.

१८४४ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं त्याला लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करायचं काम दिलं. अंधार, वटवाघळं, ताप, आणि वर्षानुवर्षं तेच काम. मोठाले कॅनव्हास लंडनला गेले. डिसेंबर १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसला आग लागली, बहुतेक सगळे जळाले. गडी पुन्हा कामाला लागला!

पारो तर महानोरांच्या ‘अजिंठा’मुळे, मग सिनेमामुळे सगळ्यांना माहितीये. तिची कबर गावातच आहे. तिच्यावर तारीख २३ मे १८५६. गिलनं तिथे तिला ‘लाडकी’ म्हटलंय. पण पारोला काय वाटायचं, हे कुणी लिहून ठेवलं नाही. सिनेमात दिसतं ते आपलं.

१८७९ मध्ये गिल वारला. कबर भुसावळला, ख्रिस्ती कबरस्तानात. जंक्शनवर गाडी बदलताना आपण चहा घेतो ना, तेच भुसावळ.