किमान वेतन आणि मालेगावचा माग

१८५७च्या उठावानंतर उत्तर हिंदुस्थानातून निघालेले अनेक मोमीन विणकर मालेगावात स्थिरावले. पुढे हातमाग गेले, यंत्रमाग आले. देशात १९४८ साली किमान वेतन कायदा झाला. अजमेरच्या एका कापड गिरणीने ‘परवडत नाही’ म्हटलं. कामगारही कमी पगारावर राजी होते. तरी सर्वोच्च न्यायालयाने १९५४मध्ये कायदाच उचलून धरला. मला हा निकाल योग्य वाटतो. पण मालेगावात मजुरी मीटरवर मिळते. वीज गेली की कमाईही थांबते. छोटा मागवालाही व्यापाऱ्याच्या सुतावर, त्याने ठरवलेल्या दरात कापड विणतो. त्या दरातच कामगाराचं किमान वेतन धरलेलं नसेल, तर मागवाला ते देणार कुठून? म्हणून जाब व्यापाऱ्यालाही विचारायला हवा.