हौशी कोण, व्यावसायिक कोण? ज्येष्ठांच्या मोटोक्रॉसमधील एका जुन्या वादाचा इतिहास

१/ चाळीस मोटारसायकली एका ओळीत उभ्या आहेत. समोरचे लोखंडी गेट पडताच सगळ्या एकाच अरुंद वळणाकडे झेपावतील. गट आहे ४५ वर्षांवरील स्वारांचा. एका गेटमागे आठवडाभर नळजोडणीची कामे करून रविवारी सराव करणारा गृहस्थ आहे. शेजारच्या गेटमागे त्याच्याच वयाचा माणूस आहे. पण विशीत तो एका मोटारसायकल कंपनीच्या संघाचा पगारी शर्यतपटू होता. दोघांचे जन्मसाल एक, गटही एक. ही शर्यत बरोबरीची म्हणावी का?

२/ प्रश्न एका खेळापुरता वाटतो. पण ‘हौशी कोण आणि व्यावसायिक कोण’ हा वाद आधुनिक क्रीडाविश्वाइतकाच जुना आहे. त्या वादाने कधी गवंड्याला नदीकाठावरून परत पाठवले, तर कधी ऑलिंपिक विजेत्याची पदके काढून घेतली. आजच्या धाग्यात मोटोक्रॉसपासून निघून त्या इतिहासात डोकावू आणि पुन्हा याच गेटपाशी परत येऊ.

३/ प्रथम खेळाची जन्मकथा. २९ मार्च १९२४ रोजी इंग्लंडमधील कॅम्बर्ली येथे माळरानावर मोटारसायकलींची एक शर्यत झाली. तोवर अशा स्पर्धांत अवघड टप्प्यांवरील कौशल्याला गुण मिळत. येथे मात्र जो आधी पोहोचेल तो जिंकणार होता. या नव्या प्रकाराला ‘स्क्रॅम्बल’ असे नाव मिळाले. पुढे फ्रान्स-बेल्जियममध्ये तो फोफावला आणि ‘मोटोक्रॉस’ हे नाव रूढ झाले. चिखल, चढउतार, चाकोऱ्या आणि उड्या असलेल्या बंदिस्त मातीच्या मार्गावरची ही शर्यत शरीराचा कस पाहणारी आहे.

४/ अमेरिकेत हा खेळ रुजला तो १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात. एडिसन डाय या मोटारसायकल-आयातदाराने १९६६ मध्ये स्वीडनच्या टॉर्स्टन हॉलमन या विश्वविजेत्याला अमेरिकेत आणले. स्थानिक स्वारांना त्याच्या मागे धूळ खावी लागली आणि तेथील तरुणाई या खेळाच्या प्रेमात पडली. १९७१ मध्ये ‘ऑन एनी संडे’ हा माहितीपट आला. १९७२ मध्ये राष्ट्रीय मोटोक्रॉस मालिका सुरू झाली. त्या लाटेत मोटारसायकलवर बसलेली पोरे १९८० च्या दशकात तिशीत पोहोचली. पोटापाण्याचे व्यवसाय सुरू झाले होते, संसार थाटले होते. पण शर्यतीची ओढ सुटली नव्हती. ज्येष्ठांचे गट निर्माण झाले ते या पिढीच्या हट्टातून.

५/ या पिढीला हक्काचे व्यासपीठ देणाऱ्यांत कॅलिफोर्नियातील टॉम व्हाइट यांचे नाव अग्रभागी आहे. ते स्वतः एकेकाळी डर्ट ट्रॅक शर्यतीतील व्यावसायिक स्वार होते. नंतर मोटारसायकलींच्या सुट्या भागांच्या व्यवसायात उतरले. १९८० च्या दशकाच्या मध्यात त्यांनी तीस वर्षांवरील स्वारांसाठी ‘वर्ल्ड व्हेट’ ही स्पर्धा सुरू केली. पुढे सॅन बर्नार्डिनोजवळील ग्लेन हेलन हे तिचे माहेरघर झाले. तेथे जगभरातून दोन प्रकारचे लोक येऊ लागले : ज्यांचा उमेदीचा काळ या खेळाच्या कमाईवर गेला ते, आणि ज्यांनी पदरमोड करून हा छंद जोपासला ते. वयाने दोघे एकाच रांगेत, पण पूर्वायुष्यात जमीन-अस्मानाचे अंतर. मग रेषा कोठे ओढायची?

६/ हा प्रश्न सोडवण्याचे पूर्वीचे प्रयत्न पाहू. १८७९ मध्ये इंग्लंडच्या प्रसिद्ध हेन्ली नौकास्पर्धेने ‘हौशी’ची व्याख्या ठरवली. बक्षिसाच्या रकमेसाठी वल्ही मारणारा आणि नावांच्या कामावर पोट भरणारा यांना तीत स्थान नव्हते, हे एक वेळ समजण्याजोगे. पण यंत्रकारागीर, हस्तकारागीर किंवा मजूर म्हणून रोजगार करणारा कोणीही ‘हौशी’ ठरत नव्हता! समर्थनार्थ युक्तिवाद असा की अंगमेहनतीने स्नायू बळकट होतात आणि कचेरीत बसणाऱ्या सभ्य गृहस्थावर त्यात अन्याय होतो. न्यायाच्या भाषेत मांडलेली ही वर्गव्यवस्थाच होती.

७/ या नियमाचा सर्वांत गाजलेला बळी म्हणजे फिलाडेल्फियाचा जॉन केली. तरुणपणी गवंडीकाम केलेल्या केलीचा प्रवेशअर्ज हेन्लीने १९२० मध्ये नाकारला. त्याच्या नौका-मंडळाशी असलेला जुना तंटा हेही एक कारण होते. परंतु त्याचे हातकाम आड आलेच. त्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकमध्ये केलीने एकेरी आणि दुहेरी अशी दोन सुवर्णपदके जिंकली. मजुरांना वगळणारे कलम १९३७ मध्ये रद्द झाले आणि १९४७ मध्ये केलीच्याच मुलाने, धाकट्या जॉन केलीने, हेन्लीची तीच एकेरी शर्यत जिंकली. इतिहास कधी कधी असे हिशेब व्याजासकट चुकते करतो.

८/ क्रिकेटमध्ये हीच रेषा थेट सामन्याच्या नावातच होती : ‘जंटलमेन विरुद्ध प्लेअर्स’. १८०६ मध्ये सुरू झालेला हा सामना १९६२ पर्यंत चालला. एकाच संघातील हौशी आणि पगारी खेळाडूंच्या कपडे बदलण्याच्या खोल्या अनेक ठिकाणी वेगळ्या असत. धावफलकपत्रिकेवर नावाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी की नंतर, यावरूनही दर्जा ओळखला जाई. गंमत अशी की डब्ल्यू. जी. ग्रेस हे नावापुरते ‘हौशी’ असूनही त्यांनी खेळातून अनेक पगारी खेळाडूंपेक्षा अधिक पैसा कमावला. १९६२ च्या अखेरीस इंग्लंडने हा भेद मोडीत काढला. तेव्हापासून सगळे केवळ ‘क्रिकेटपटू’ झाले.

९/ जन्म हा निकष बाजूला ठेवून केवळ पैसा हा निकष धरला तर? त्याचे उत्तर जिम थॉर्पच्या कहाणीत आहे. मूळ अमेरिकी वंशाच्या या खेळाडूने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथ्लॉन आणि डेकॅथ्लॉन या दोन्ही स्पर्धा जिंकल्या. पुढच्याच वर्षी उघड झाले की त्याने पूर्वी उन्हाळी सुट्ट्यांत किरकोळ मानधनावर बेसबॉल खेळले होते. आक्षेपाची ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती. तरीही पदके काढून घेतली गेली. बेसबॉलच्या त्या तुटपुंज्या पैशांमुळे भालाफेकीत वा उंच उडीत त्याला कोणता लाभ झाला होता? आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९८२ मध्ये त्याला सहविजेता म्हणून मान्यता दिली. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव पुन्हा लागले ते थेट २०२२ मध्ये. थॉर्पचे निधन मात्र १९५३ मध्येच झाले होते.

१०/ आता या तीन कहाण्या एकत्र ठेवून पाहा. हेन्लीने माणसाचा धंदा मोजला, लॉर्ड्सने सामाजिक दर्जा मोजला, ऑलिंपिकने पाकीट मोजले. शर्यतीच्या दिवशी दोघांच्या कुवतीत किती अंतर आहे, ही एकच गोष्ट कोणी मोजली नाही. आपल्या जत्रेतील कुस्तीच्या मैदानात मात्र जाणती मंडळी दोन्ही पैलवानांना निरखून तोलामोलाची जोड लावतात. कोणी कोठून किती बिदागी घेतली, हे त्या वेळी कोणी विचारत नाही. ज्येष्ठांच्या मोटोक्रॉसला हीच जोड लावण्याची कला शिकावी लागली.

११/ सर्वांत सोपा मार्ग म्हणजे फक्त वय पाहणे. १९८२ पासून टेनेसीतील हरिकेन मिल्स येथे, लोककलेच्या बाजाची गाणी गाणाऱ्या सुप्रसिद्ध गायिका लोरेटा लिन यांच्या मळ्यावर अमेरिकेची राष्ट्रीय हौशी स्पर्धा भरते. तेथे ज्येष्ठांचे गट प्रामुख्याने वयाच्या पायऱ्यांवर रचलेले असतात : ३० वर्षांवरील, ४० वर्षांवरील, ५० वर्षांवरील. माइक ब्राउन हा २००१ चा १२५ सीसी वर्गाचा राष्ट्रीय व्यावसायिक विजेता. उतारवयात तो याच स्पर्धेच्या ज्येष्ठ गटांत उतरला आणि जिंकत राहिला. त्याने कोणताही नियम मोडला नाही. पण स्पर्धेचे नाव ‘हौशी’ आणि विजेता माजी राष्ट्रीय व्यावसायिक, ही विसंगती त्यामागे दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आलेल्याला बोचली असेल, तर त्याला दोष देता येणार नाही.

१२/ ग्लेन हेलनने दुसरा मार्ग धरला : वयाच्या प्रत्येक पायरीत कौशल्याचेही स्तर. तीस वर्षांवरील ‘प्रो’, त्याखाली ‘एक्स्पर्ट’, मग मध्यम आणि नवखे. तीच उतरंड चाळिशीला, तीच पन्नाशीला. डग डुबाक हा यामाहाच्या संघाचा माजी स्वार. १९९१ मध्ये सॅन होजेची सुपरक्रॉस शर्यत जिंकलेला. त्याने ‘वर्ल्ड व्हेट’मध्ये २० हून अधिक विजेतीपदे मिळवली. पण त्याचा सामना प्रामुख्याने वरच्या स्तरातील तुल्यबळांशी असे. त्याच दिवशी, त्याच मार्गावर, एखादा नवखा पन्नाशीचा सुतारही आपल्या गटाचा जगज्जेता होऊ शकत असे. दोघांचाही आनंद खरा.

१३/ मात्र कौशल्याचे स्तर म्हटले की लबाडीलाही वाट फुटते. लहानपणीच्या खेळांत धाकट्याला आपण ‘लिंबूटिंबू’ म्हणून सवलत देत असू. येथे तरबेज स्वार करंडकाच्या मोहाने स्वतःच लिंबूटिंबू बनून खालच्या गटात नाव नोंदवतो. म्हणूनच अमेरिकेतील संघटना स्वारांचे अ, ब, क असे वर्गीकरण करतात. निकाल पाहून स्वाराला वरच्या वर्गात चढवले जाते. स्वतःविषयी जो काय सांगतो त्यापेक्षा त्याची जुनी निकालपत्रे काय सांगतात, याला महत्त्व येते.

१४/ येथे एक सूक्ष्म प्रश्न उरतो. वीस वर्षांपूर्वीचा व्यावसायिक आजही व्यावसायिकच का? तिशीनंतर शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता दर दशकास साधारण १० टक्क्यांनी घटते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत थोडी सावकाश. त्यात जुन्या शर्यतपटूच्या अंगावर मोडलेल्या हाडांचा इतिहासही असतो. पण गेट पडताच क्लच किती सोडावा, चाकोरीत शिरताना भार कोठे द्यावा, उडी किती वेगाने घ्यावी, हे ज्ञान अंगात मुरलेले असते. दम ओसरतो, हातोटी टिकते. म्हणून ‘एकदा व्यावसायिक तो कायमचा व्यावसायिक’ हा नियम जितका अन्यायकारक, तितकाच ‘निवृत्त झाला की हौशी’ हाही भाबडा.

१५/ आणि हा वाद केवळ करंडकाचा नाही, जिवाचाही आहे. मोटोक्रॉसमध्ये उडीच्या पलीकडची उतरण अलीकडून दिसत नाही. संथ स्वार तेथे पडला आणि मागून दुप्पट आत्मविश्वासाने कोणी झेप घेतली, तर धोक्याचा पिवळा झेंडा वेळेत दिसेलच याची हमी नसते. सोमवारी कामावर जायचे आहे, घरी मुले आहेत, अशा माणसांच्या शर्यतीत वेगातील मोठी तफावत हीच सर्वांत मोठी जोखीम ठरते. हेन्लीचा नियम सभ्य गृहस्थांची प्रतिष्ठा राखण्यासाठी होता. ग्लेन हेलनसारख्या रचनेत माणसांची हाडे राखण्याचाही विचार आहे. दोन्ही ठिकाणी रेषा ओढलेली दिसते, पण त्यामागचा हेतू पाहिल्याखेरीज तिचा न्याय करता येत नाही.

१६/ मग माजी व्यावसायिकांना बाहेरच ठेवावे का? तसे केले तर केलीला परत पाठवणाऱ्यांत आणि आपल्यात फरक उरणार नाही. ज्याने या खेळावर तारुण्य ओवाळले, त्याला म्हातारपणी त्याच मातीत उतरण्याचा हक्क आहेच. शिवाय हौशी स्वारांनाही तो हवा असतो. ज्याचे चित्र कधीकाळी खोलीच्या भिंतीवर लावले, त्याच्यासोबत एकाच दिवशी, एकाच मार्गावर उतरायला मिळणे हे त्यांच्यासाठी करंडकापेक्षा मोठे असते. प्रश्न त्याला प्रवेश द्यावा की नाही हा नसून, त्याला कोणत्या रांगेत उभे करावे हा आहे.

१७/ त्यासाठी इतिहासातून हाती लागणारी सूत्रे अशी. एक : धंदा आणि पैसा यांवरून नव्हे, तर निकालांवरून गट ठरवावा. दोन : जुन्या कामगिरीचे वजन कायमचे नसावे, वर्षे सरतील तसे ते उतरावे, पण तिची नोंद पुसली जाऊ नये. तीन : चढण्याचा जिना असावा तसा उतरण्याचाही असावा, म्हणजे दुखापतीनंतर परतणाऱ्याला अवमान न वाटता खालच्या गटात येता यावे. चार : हे ठरवण्याचा अधिकार स्वाराकडे नसावा; पण त्याचे म्हणणे ऐकून घेतले जावे.

१८/ पुन्हा त्या गेटपाशी येऊ. नळजोडणी करणारा गृहस्थ आणि माजी पगारी स्वार अजून शेजारी उभे आहेत. शंभर वर्षांपूर्वी हेन्लीच्या काठावर यांपैकी पहिल्यालाच, त्याच्या हातकामामुळे, हाकलून दिले असते आणि ते ‘न्याय्य’ मानले गेले असते! आज आपण त्याच्याच बाजूने न्याय मागतो आहोत. गेट पडण्याआधीच निकाल ठाऊक असेल, तर ती शर्यत नव्हे, मिरवणूक. निकालाची ही अनिश्चितता दोघांनाही सारखीच लाभावी, यासाठीच गट असतात.

तुमच्या खेळात ही रेषा कोठे ओढली जाते? खाली जरूर लिहा. धागा समाप्त.