लौकिक आणि परीक्षक : उदाहरण तपासण्याचा इतिहास



संगणकाच्या भाषा, त्यांची माहितीपुस्तकं आणि त्या पुस्तकांतली उदाहरणं हा आजचा विषय. तो ऐकून काहींना वाटलं असेल, हा मामला पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचा; देवगाव रंगारीत त्याचं काय काम? तर सांगतो. इथून कन्नड गाठायचं, घाट उतरायचा, की चाळीसगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याशी पाटण लागतं. पाटणादेवीच्या देवळात इ. स. १२०७ च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला, आणि त्या मठाला दिलेल्या दानाची ही नोंद. लेखाचा शेवटचा भाग तर चक्क जुन्या मराठीत आहे.

म्हणजे एका ग्रंथाचं शिक्षण पिढ्यान् पिढ्या नीट चालावं, याची तजवीज आपल्या शेजारच्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी झाली होती. आणि तो ग्रंथ कसा होता? उदाहरणांचा होता.

भास्कराचार्यांची लीलावती १२ व्या शतकाच्या मध्यातली. तिची घडण बघा. आधी करणसूत्र, म्हणजे रीत. मग उदाहरण, तेही श्लोकात. मग न्यास, म्हणजे उदाहरणातले आकडे मांडून दाखवणं. मग उत्तर. आता आजच्या कुठल्याही संगणकभाषेचं पुस्तक उघडा : नियम, नमुना, आत घातलेले आकडे, बाहेर आलेलं उत्तर. क्रम तोच.

यात एक बारकी सोयही होती. श्लोकात आकडे शब्दांनी येतात. बारा सांगायचे तर ‘रवि’, नऊ सांगायचे तर ‘अंक’. शब्द वृत्तात बसलेला, त्यामुळे नकलाकाराने बदलला की चाल अडखळते. न्यासात मात्र तेच आकडे अंकांत लिहिलेले. एक संख्या दोन ठिकाणी, दोन वेगळ्या रूपांत. एकीकडे चूक शिरली तर दुसरीकडून पकडता येते. बखशालीच्या हस्तलिखितात याच्याही पुढची एक पायरी आढळते, तिचं नाव ‘प्रत्यय’. उत्तर निघालं एवढ्यावर थांबायचं नाही, ते पडताळून बघायचं.

आता एक खरं उदाहरण घेऊ. कागद-पेन्सिल असेल तर काढा. लीलावतीत एक चौकोन दिला आहे : पाया १४, समोरची बाजू ९, उरलेल्या दोन बाजू १३ आणि १२, आणि लंब १२. क्षेत्रफळ किती? त्या काळी जुनी, मानाची रीत होती. चारही बाजूंच्या बेरजेचं निम्मं करायचं, त्यातून एकेक बाजू वजा करायची, चार उरलेल्यांचा गुणाकार करायचा आणि वर्गमूळ काढायचं. इथे बेरीज ४८, निम्मे २४. वजाबाक्या १०, १५, ११, १२. गुणाकार १९,८००. वर्गमूळ १४१ ला थोडं कमी.

आता तोच तुकडा कापून बघा. एक आयत ९ गुणिले १२, म्हणजे १०८. उरला काटकोन त्रिकोण ५, १२, १३ चा, म्हणजे ३०. एकूण १३८. रीत सांगते जवळजवळ १४१, जमीन सांगते १३८!

भास्कराचार्यांनी हे उदाहरण रीत सजवायला घातलेलं नाही, तिची परीक्षा घ्यायला घातलं आहे. ही रीत सगळ्या चौकोनांना लागू नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. आज आपल्याला माहीत आहे की ज्याचे चारही कोपरे एका वर्तुळावर बसतात, त्याच चौकोनाला ती अचूक लागते. गंमत अशी की त्यांनी जर साधा आयत उदाहरणाला घेतला असता, तर रीत दर वेळी पास झाली असती, कारण कुठल्याही आयताचे कोपरे वर्तुळावर बसतातच. सोयीचं उदाहरण निवडलं की चुकीची समजूतही खरी ठरते. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

पुढच्या पिढ्यांनी हे काम सोडलं नाही. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये लीलावतीवर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली आणि रीतींमागच्या उपपत्ती दिल्या. त्यांच्याच ग्रहलाघवावर गोदाकाठच्या गोलग्रामच्या घराण्यातल्या विश्वनाथ दैवज्ञांनी अशी टीका लिहिली की तिचं नावच ‘उदाहरण’. प्रत्यक्ष शकातला प्रत्यक्ष दिवस धरून, आकडे मांडून ग्रह काढून दाखवायचा. पण बरं का, आकाश थांबत नाही. १५२० च्या सुमाराची ती गणितं काही शतकांनी आकाशाशी जुळेनाशी झाली. मग केरो लक्ष्मण छत्र्यांना १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ काढावी लागली. गणित तेच असतं, हिशेब बरोबर असतो, तरी उदाहरण शिळं होतं.

संगणकभाषांचं नेमकं हेच दुखणं आहे. पायथन भाषेच्या जुन्या आवृत्तीत पाच भागिले दोन लिहिलं की उत्तर दोन यायचं. २००८ साली तिसरी आवृत्ती आली आणि उत्तर अडीच झालं. जुन्या पुस्तकातलं उदाहरण लिहिलं तेव्हा खरं होतं. कुणी खोटं बोललं नाही, फक्त पुन्हा तपासलं नाही.

यावर टिम पीटर्स नावाच्या प्रोग्रॅमरने साधा उपाय काढला. २००१ पासून तो पायथनसोबतच मिळतो, नाव डॉकटेस्ट. माहितीत जिथे नमुना आणि त्याखाली उत्तर लिहिलं आहे, तिथे यंत्र स्वतः तो नमुना चालवतं आणि आलेलं उत्तर लिहिलेल्या उत्तराशी अक्षरशः ताडून बघतं. जुळलं नाही की बोंब मारतं. पुढे गो आणि रस्ट या भाषांनी अशी सोय अंगातच घेतली.

मग प्रश्न सुटला का? नाही. इथे मी माझ्या विषयाकडे, तत्त्वज्ञानाकडे वळतो. न्यायदर्शनात दृष्टान्ताची व्याख्या आहे. तिचा भावार्थ असा, की ज्या गोष्टीबाबत लौकिक, म्हणजे साधा माणूस, आणि परीक्षक, म्हणजे पारखणारा, या दोघांचं एकमत होतं तो दृष्टान्त. दोघंही हवेत. यंत्र हा परीक्षक झाला. पण त्याला खूश करण्यासाठी उदाहरणात इतकी तयारी, इतक्या जोडओळी घातल्या की शिकणाऱ्याला मुद्दाच दिसेना, तर लौकिक हरवला. रस्टमध्ये म्हणून काही ओळी वाचकापासून लपवता येतात. यंत्र त्या चालवतं, वाचकाला दिसत नाहीत. तडजोड आहे, पण विचारपूर्वक केलेली.

दुसरा धोका मोठा. यंत्राने सांगितलं, उत्तर जुळत नाही. घाईतला प्रोग्रॅमर काय करतो? नवं आलेलं उत्तर उचलतो आणि पुस्तकात चिकटवतो. यंत्र गप्प होतं. शाळेतलं पोर पुस्तकामागचं उत्तर बघून मधल्या पायऱ्या वाकवतं, त्यातलाच हा प्रकार. तपासणी झाली, पडताळा नाही झाला. भास्कराचार्यांनी १३८ हे उत्तर त्याच रीतीतून काढलं नव्हतं, दुसऱ्या वाटेने काढलं होतं. पडताळ्याची वाट स्वतंत्र हवी, आणि उदाहरण अडचणीचं निवडायला हवं.

हे सगळं कशासाठी, तर शिकणाऱ्यासाठी. मोठ्या शहरात उदाहरण चाललं नाही तर शेजारच्या टेबलावर विचारता येतं. आपल्या तालुक्यातली मुलगी मोबाइलवर, एकटी, परक्या भाषेतलं पुस्तक वाचून शिकते. छापलेलं तंतोतंत उतरवूनही उत्तर येत नाही, तेव्हा पुस्तक चुकलं असेल असं तिच्या मनातही येत नाही. ती म्हणते, मलाच जमत नाही. आणि सोडून देते. चुकलेल्या उदाहरणाची किंमत लिहिणारा देत नाही, ती देते.

म्हणून तुमच्यापैकी जे शिकवतात, टिपणं लिहितात, मराठीत तंत्रज्ञानाचे लेख लिहितात, त्यांना एवढंच सांगणं आहे. उदाहरण लिहाल तेव्हा ते चालवून बघा. कुठल्या आवृत्तीवर चालवलं ते शेजारी लिहा. वर्षभराने पुन्हा चालवा. आणि एखाद्या विद्यार्थ्याने ‘सर, हे येत नाही’ म्हटलं, तर आधी उदाहरण तपासा, विद्यार्थी नंतर.

आता प्रश्न असतील तर विचारा.