काव आणि चुना

तंजावरहून कुंभकोणला जाताना वाटेत पापनाशम लागते. कावेरीच्या फाट्यांनी भिजलेल्या भाताच्या मुलखातले हे गाव. तेथील पालैवननाथाच्या देवळात नायक राजांच्या वेळचे, सतराव्या शतकाच्या आरंभीचे, विटांचे प्रचंड धान्यकोठार अद्याप उभे आहे. पुढे १६७६ च्या सुमारास शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे तंजावरच्या गादीवर आले, आणि १८५५ पर्यंत ती गादी भोसल्यांकडे राहिली. त्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबे या खोऱ्यात येऊन स्थायिक झाली. त्यांनी भाषा आणली, मोडी आणली, कीर्तन आणले. मग घराच्या भिंतींना रंग कोणता दिला? इतिहासकार सहसा हा प्रश्न विचारीत नाहीत. परंतु माणसाचे आयुष्य दरबारापेक्षा माजघरातच अधिक जाते.

राजवाड्यातील चित्र निराळे. शहाजीराजांनी १६८४ मध्ये उभारलेल्या दरबार महालात खांब, कमानी आणि भिंती रंगांनी भरलेल्या आहेत. गृहस्थाच्या घरी असा थाट नव्हता. तेथे दोनच रंगांचे राज्य होते, चुन्याचा पांढरा आणि कावेचा तांबडा. हे केवळ गरिबीमुळे झाले, असे समजणे चुकीचे ठरेल.

भिजवलेला चुना अत्यंत दाहक असतो. फुलापानांपासून काढलेले बहुतेक रंग त्यात टिकत नाहीत. युरोपात अठराव्या शतकाच्या प्रारंभी बर्लिन येथे तयार झालेला आणि पुढे जगभर गाजलेला निळा रंगही चुन्यात नासतो. लोहाच्या अंशाने तांबडी झालेली माती मात्र जशीच्या तशी राहते. ओला चुना सुकताना हवेतील कर्बवायू शोषून पुन्हा दगड बनतो आणि मातीचे कण त्या दगडात अडकून बसतात. म्हणजे निवड घरधन्याची खरी, पण ती भिंतीला विचारून केलेली.

या तांबड्या मातीला मराठीत काव म्हणतात आणि तमिळमध्ये कावी. कोकणात व गोव्यात पांढऱ्या चुन्यावर तांबडा थर देऊन तो कोरून काढतात, त्या भित्तिकलेचे नावही कावीच. तेव्हा कावेरीकाठी आलेल्या मराठी गृहिणीला हा रंग परका वाटण्याचे कारण नव्हते. सारवलेल्या अंगणात गेरूवर रांगोळी घालणारा तिचा हात कावीची किनार असलेल्या कोलमवर सहज वळला असेल.

खोलीची मांडणीही समजून घेण्याजोगी आहे. या घरांना उजेड मिळे तो मुख्यतः मधल्या चौकातून. आत येईपर्यंत तो मंदावे, म्हणून भिंत पांढरी. खाली पाण्याचे शिंतोडे उडत, बसणाऱ्यांच्या पाठी टेकत, म्हणून तेथे कावेचा पट्टा. विसाव्या शतकात सिमेंट आले तेव्हा जमीनही तांबडी तकतकीत झाली. रंग तोच, माध्यम बदलले. एकोणिसाव्या शतकात कारखान्यात बनणारी निळी पूड स्वस्त झाल्यावर चुन्यात चिमूटभर नीळ पडू लागली. ही नीळ चुन्यात नासत नाही, आणि तिने चुन्याचा पिवळसरपणा झाकला जातो.

उरलेले सारे रंग देवघरात एकवटले. भोसल्यांच्या काळात भरभराटीस आलेली तंजावरी चित्रे लाकडी फळीवर कापड चिकटवून करीत. उठावाच्या कामावर सोन्याचा वर्ख, आणि मागे गडद लाल, हिरवी वा निळी पार्श्वभूमी. समईच्या उजेडात तो वर्ख उजळतो. भोवतालची भिंतही तितकीच रंगीत असती, तर देवाकडे डोळा गेला नसता.

आता रंगाच्या डब्याबरोबर शेकडो छटांचा तक्ता येतो आणि भिंतीला कोणी विचारीत नाही. या सखल मुलखात जमिनीतील ओल भिंतीत चढते. चुन्याची भिंत ती बाहेर सोडून देते. वर तेलाचा किंवा प्लास्टिकचा रंग चढवला की ओल आत कोंडते, क्षार फुलतात आणि दोनतीन पावसाळ्यांत फोड येतात. मग दोष रंगाऱ्याला दिला जातो. जुन्या घरात असा पोपडा सुटला की कधीकधी त्याखाली निळसर चुना दिसतो, आणि त्याच्याही खाली, हातभर उंचीपर्यंत, काव.