ब्याऐंशी वर्षांची त्वचा

माझे थोरले काका शिक्षक होते. त्यांच्या हातातून खडू निसटू लागला, तिथून त्यांच्या आजाराची सुरुवात झाली. वर्षभरात सदऱ्याची बटणे लावणे जड झाले, मग जिना चढणे, मग घास गिळणे. निदान झाले त्या दिवशी काकूने डॉक्टरांना विचारले, “एवढ्या तपासण्या केल्यात, तर एकदा आत काय बिघडलंय तेच बघा ना.” डॉक्टर म्हणाले, “वहिनी, बिघाड मेरुरज्जूतल्या पेशींत आहे. माणूस जिवंत असताना त्या काढून बघता येत नाहीत.”

काकूचा प्रश्न माझ्या मनात राहिला. पुढे या आजाराचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा कळले की वैद्यकशास्त्रही दीर्घकाळ याच प्रश्नाशी अडले होते.

आजाराचे नाव अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरॉसिस, थोडक्यात एएलएस. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे ते अनेकांना ऐकून ठाऊक आहे. स्नायूंना हालचालीचे आदेश देणाऱ्या प्रेरक चेतापेशी यात हळूहळू मरतात. १८६९ मध्ये पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातील ज्याँ-मार्तँ शार्को यांनी या आजाराचे वर्णन केले. रुग्ण जिवंत असेपर्यंत लक्षणे बारकाईने टिपायची आणि मृत्यूनंतर मेरुरज्जू तपासायचा, ही त्यांची पद्धत. तिच्यातून पुष्कळ कळले. पण जळालेल्या घराची राख पाहून पहिली ठिणगी कुठे पडली, ते सांगता येत नाही.

१९९३ मध्ये काही कुटुंबांतील एएलएसचा संबंध एसओडी-१ या जनुकातील दोषाशी जोडला गेला. पुढच्याच वर्षी तो मानवी दोष असलेले उंदीर प्रयोगशाळेत तयार झाले आणि जिवंत प्राण्यात हा आजार पाहता येऊ लागला. आशा वाढल्या. मिनोसायक्लिन या जुन्या प्रतिजैविकाने अशा उंदरांचे आयुष्य लांबते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. मग अमेरिकेत ४१२ रुग्णांवर चाचणी झाली. २००७ मध्ये तिचा निकाल आला: औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा अधिक वेगाने खालावली होती. उंदराने खोटे सांगितले नव्हते. त्याने उंदराबद्दल सांगितले होते.

त्याच सुमारास क्योतोमध्ये वेगळीच गोष्ट घडत होती. शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी २४ जनुकांपासून सुरुवात करून नेमकी चार वेचली. ती उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातल्यावर त्या पेशी आपले त्वचापण विसरून मूलपेशींसारख्या झाल्या. हे २००६ चे. पुढच्या वर्षी मानवी पेशींतही ते साधले. यामानाकांना २०१२ चे नोबेल मिळाले, ते जॉन गर्डन यांच्यासोबत. गर्डन यांनी पन्नास वर्षांपूर्वी बेडकावरील प्रयोगांतून दाखवले होते की प्रौढ पेशीच्या केंद्रकात अख्खा जीव घडवण्याची माहिती शाबूत असते.

आणि मग २००८ मध्ये हार्वर्ड व कोलंबिया विद्यापीठांतील संशोधकांनी एएलएस असलेल्या एका ८२ वर्षांच्या बाईच्या त्वचेचा लहानसा तुकडा घेतला. त्यातील पेशींना आधी मूलपेशींचे रूप दिले आणि मग त्यांच्यापासून प्रेरक चेतापेशी घडवल्या. त्या बाईचे नाव शोधनिबंधात नाही. पण तिच्या मेरुरज्जूला हातही न लावता, तिचाच जनुकीय वारसा असलेल्या जिवंत चेतापेशी काचेच्या बशीत वाढत होत्या. काकूने मागितले होते ते जवळजवळ हेच.

पुढे हार्वर्डमधील संशोधकांना दिसले की अशा रुग्णांच्या पेशी वाजवीपेक्षा जास्त विद्युत्-संदेश सोडतात. एसओडी-१ मधला दोष दुरुस्त केल्यावर हा अतिरेक थांबला. अपस्मारावरचे रेटिगाबिन हे औषध दिल्यावर पेशी शांत झाल्या आणि अधिक टिकल्या. हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. मग ६५ रुग्णांना दहा आठवडे हे औषध किंवा त्याजागी निष्क्रिय गोळी देण्यात आली. २०२१ मध्ये निकाल छापून आला: रुग्णांच्या चेतापेशींची उत्तेजितता औषधाने खरोखर कमी झाली होती. आजार मंदावतो का, हे ठरवण्यासाठी ती चाचणी आखलेलीच नव्हती. पण बशीत दिसलेली गोष्ट माणसातही दिसली, आणि उंदराला मधे न घेता दिसली.

मात्र या वाटेवर एक विचित्र अडचण आहे. पेशीला मूलपेशी बनवताना तिचे वयही बहुतांशी पुसले जाते. ८२ वर्षांच्या बाईपासून मिळते ती जवळपास गर्भातल्या वयाची चेतापेशी. उतारवयात उमटणाऱ्या आजाराची साक्ष आपण तान्ह्या पेशीकडे मागतो. शिवाय बशीत रक्तवाहिन्या नाहीत, स्नायूंचा थकवा नाही, माणसाचे अख्खे शरीर नाही. म्हणून मला ही बशी म्हणजे एक खिडकी वाटते. घर दिसते, पण सगळ्या खोल्या दिसत नाहीत.

काका गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. गेल्या दिवाळीत फराळ करता करता मी हे सगळे काकूला सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे आता आत बघता येतं.” मी म्हणालो, “थोडं थोडं.” तिने विचारले, “कातडी आजारी माणसाचीच लागते का रे?”

“नाही काकू. ताडून बघायला निरोगी माणसाचीही लागते.”

तिने पदराला हात पुसला, मनगट उलटे करून क्षणभर पाहिले आणि चकलीचा डबा माझ्याकडे सरकवला.