किटबॅशिंग (शंटिंग डिझेल इंजिनाचे)
बाजारात तयार मिळणाऱ्या मॉडेलसंचांचे भाग कापून-जोडून संचात नसलेले इंजिन घडवण्याची छांदिष्टांची रीत. अमेरिकेत यार्डातली शंटिंग इंजिने यासाठी विशेष आवडती. ईएमडी कंपनीच्या १,२०० अश्वशक्तीच्या एसडब्ल्यू७ (१९४९–५१) इंजिनाला केबिन नसलेला जोडीदार देऊन टीआर४ ही ‘गाय-वासरू’ जोडी होई. वासराचे नियंत्रण गाईच्या केबिनमधून चाले. एचओ मापात (१:८७) वासरू करताना प्लॅस्टिक कवचाची केबिन बारीक दात्यांच्या करवतीने उतरवतात, तिथे दुसऱ्या कवचाच्या हूडचा तुकडा किंवा स्टायरीनचा पत्रा बसवतात आणि फटी पुट्टीने बुजवून पॉलिश पेपरने घासतात. खरे कौशल्य या घासकामातच. राहिलेला सांधा रंग दिल्यावर अधिकच उठून दिसतो. मोटार व चाकांची चौकट शक्यतो मूळचीच ठेवावी.