घाटाचा राजा
मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाटाची चढण सर्वांत आधी सर करणाऱ्या स्पर्धकाचा किताब. ही शर्यत १९४५ पासूनची, देशातील जुन्या शर्यतींपैकी एक (पहा : बोरघाट).

खोपोली सुटताच जुना रस्ता शिंग्रोबाच्या देवळाच्या दिशेने वळणे घेत चढू लागतो. स्वार हलका गिअर टाकतो, सीटवरून उठतो, हँडलवर भार देतो. सपाटीवर जथ्याच्या आडोशाने राखलेली ताकद इथे खर्ची पडते; माथ्यावरचे लोणावळे सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. तूर द फ्रान्समध्ये अशा चढाईपटूला १९७५ पासून लाल ठिपक्यांची पांढरी जर्सी मिळते.

जानेवारी २०२६ मध्ये ४३७ किमीची पुणे ग्रँड टूर ही सायकल शर्यत झाली, तेव्हा परदेशी संघही सह्याद्रीत उतरले (पहा : पुणे ग्रँड टूर).